रोजचे दोन ‘आणि’

१४ नोव्हेंबर

ठकू,

वर ‘प्रिय’ लिहावं तर तू भडकलेली, ‘चिरंजीव’ लिहावं तर तू हसणार, म्हणून नुसतं ठकू. फोन तू उचलत नाहीस. तीनदा केला, चौथ्यांदा केला असता तर मला माझीच लाज वाटली असती. पत्राचं बरं असतं, ते कुणी उचलावं लागत नाही, आपलं आपण दारात येऊन पडतं. आणि तू कितीही रागावलीस तरी पाकीट न फोडता टाकून देणारी नाहीस. लहानपणी बंद डबा दिसला की झाकण उघडल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही.

तुझा राग कशाचा आहे ते मला कळतं. पण मी काही चोरी केलेली नाही. त्या रविवारी मी तुला फोनवर सगळं सांगितलं होतं, माझं वाक्य मला अजून पाठ आहे: ‘अगं, गॅसवाला येऊन गेला आणि वरच्या काकूंचा गुडघा आता बरा आहे आणि मी चष्मेवाल्यांशी लग्न करायचं ठरवलंय आणि तुझं निळं ब्लँकेट धुऊन वाळत घातलंय.’ आता ह्यात लपवलं काय, तूच सांग. तू म्हणालीस, ‘काय म्हणालीस?’ मी म्हटलं, ‘ब्लँकेट धुतलं.’ त्यावर तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

तुझे बाबा जाऊन सात वर्षं झाली. चष्मेवाले काही परके नाहीत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान तू शाळेत जायला लागल्यापासून बघते आहेस. तुझा पहिला चष्मा त्यांनीच केला, आणि तो तू आठ दिवसांत मोडून आणलास तेव्हा पैसे न घेता जोडून दिला. वर तुला म्हणाले होते, ‘चष्मा नाकावर ठेवायचा असतो, नाकावरचा राग काढून.’ आठवतंय का? मला आठवतं.

जाऊ दे. दुसरं बोलू.

ह्या वर्षी मोठ्या बाईंनी मला तिसरी दिली आहे. चौथी मागत होते, मिळाली तिसरी. मोठ्या बाईंपुढे कुणाचं काही चालत नाही, त्या मुख्याध्यापिका झाल्यापासून भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्यांना विचारून पुढे सरकतं. वर्ग गोड आहे, पण मुलांची वाक्यं म्हणजे ठोकळे. ‘ही गाय आहे. गाय पांढरी आहे. गाय चरते.’ वाचताना जिना उतरल्यासारखं वाटतं. पुस्तकात एक पाठ आहे, छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करायचं. मी मोठ्या हौशीनं शिकवायला घेतला. मुलांना ‘आणि’ सापडला मात्र, नुसता धुमाकूळ. एकानं लिहिलं, ‘मी उठलो आणि दात घासले आणि बूट घातले आणि एक बूट ओला होता आणि आई रागावली आणि मी शाळेत आलो आणि बाई पण रागावल्या.’ पानभर एकच वाक्य, पूर्णविराम घरी विसरून आला होता.

मग मी काय केलं, तर आपला बटणांचा डबा शाळेत नेला. तोच, जो पालथा करून तू दुपारभर खेळायचीस. रोज सकाळी प्रत्येकाला दोन बटणं. लिहिताना एक ‘आणि’ वापरला की एक बटण माझ्या टेबलावर आणून ठेवायचं. दोन संपली की त्या दिवसापुरते ‘आणि’ संपले. बाकी ‘पण’ आहे, ‘म्हणून’ आहे, ‘कारण’ आहे, ‘जेव्हा’, ‘जरी’, ते सगळे फुकट. हवे तेवढे घ्या.

काय सांगू तुला! पहिल्या दिवशी रडारड. दुसऱ्या दिवशी उसनवारी. ‘बाई, हिनं माझा एक आणि नेला, परत देत नाहीये.’ तिसऱ्या दिवशी एका चिक्कू पोरानं दोन्ही बटणं खिशात ठेवून नुसत्या ‘म्हणून’वर पानभर लिहून दाखवलं. मी तोंडात बोट घातलं.

थंडीला कानाला काहीतरी बांधत जा. समुद्राचं वारं वाईट.

आई

२ डिसेंबर

ठकू,

पत्राला उत्तर म्हणून तू फोनवर मेसेज पाठवलास. पाठवलास हेच खूप, असं चष्मेवाले म्हणाले. मी तसं म्हटलेलं नाही. तुझा मेसेज इथे उतरवून काढते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुलाही दिसेल:

‘पत्र मिळालं. तब्येत बरी आहे. मी उंचावर बसते. इथे वारा फार आहे. डबा वर नेईपर्यंत थंड होतो. सवय झाली. लग्नाला येणार नाही.’

मेसेज आहे की गोदीतला हुकूम? तू दिवसभर त्या क्रेनच्या केबिनमध्ये बसतेस, खालून रेडिओवर माणसं सांगतात ‘उचल’, ‘थांब’, ‘डावीकडे’, ‘सोड’, आणि तू जहाजावरचे ते घराएवढे कंटेनर इकडचे तिकडे करतेस. मला अभिमान आहे, मी सगळ्यांना सांगते. पण आईशी रेडिओवर बोलल्यासारखं बोलू नये. शेवटचं वाक्य तर तू असं टाकलंस, की कंटेनरच माझ्या पायावर टाकला.

बरं, न का येईना. माहिती म्हणून सांगते. लग्न नोंदणी कार्यालयात आहे, एकवीस फेब्रुवारीला, सकाळी. बँड नाही, मांडव नाही, जेवणावळ नाही. तीन साक्षीदार लागतात, एक त्यांच्याकडचा, दोन माझ्याकडचे. एक मोठ्या बाई. दुसरी जागा तूर्त रिकामी ठेवली आहे. कुणासाठी ते सांगायची गरज नाही. नाही भरली तर शाळेतला शिपाई आहे, त्याची सही सुंदर आहे. माझं काही अडत नाही.

आता एक गंमत सांगते. रागावू नकोस.

त्या दिवशी पुस्तकातली वाक्यं संपली होती. जी उरली होती ती ‘सूर्य उगवतो. पक्षी उडतात.’ ह्या जातीची. मुलं जांभया देत होती. माझ्या डोक्यात सकाळपासून तुझाच मेसेज घोळत होता. हातात खडू होता, मी फळ्यावर लिहून मोकळी झाले: मी उंचावर बसते. इथे वारा फार आहे. डबा वर नेईपर्यंत थंड होतो. सवय झाली. शेवटचं वाक्य लिहिलं नाही, तेवढं भान होतं मला.

वर्ग एकदम जागा झाला. ‘बाई, ही कोण? झाडावर बसते का?’ मी म्हटलं, माझ्या ओळखीची आहे, समुद्राकाठी क्रेन चालवते. मग काय! क्रेन चालवणारी बाई त्यांनी कधी बघितली नव्हती. जो तो वही ओढून बसला. आणि एकाचं वाक्य दुसऱ्यासारखं नाही. एकीनं लिहिलं, ‘मी उंचावर बसते म्हणून माझा डबा थंड होतो, पण मला सवय झाली.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘जरी इथे वारा फार असला तरी मी उंचावर बसते कारण मला सवय झाली.’ हा आत्ताच तुझ्या बाजूचा झाला बघ. आणि माझ्या वर्गात एक शंकाबाई आहे. खरं नाव वेगळं आहे, पण कुठलाही धडा सुरू झाला की तिचा हात वर, ‘बाई, एक शंका आहे.’ तिनं लिहिलं, ‘जेव्हा डबा थंड होतो तेव्हा ती सवय झाली असं म्हणते.’

मी ते वाचलं आणि फळ्याकडे वळले. चार वाक्यं तुझी. मी ती वाचली तेव्हा मला नुसता राग दिसला होता. आठ वर्षांच्या पोरीला थंड डबा दिसला.

गरम राहणारे डबे मिळतात हल्ली. आपल्या इथल्या भांड्यांच्या दुकानात बघितला एक. मागवू का? हो किंवा नाही, एका शब्दात कळव. तेवढं तर तुला जमतं.

आई

१७ डिसेंबर

ठकू,

‘माझे मेसेज फळ्यावर लिहू नकोस. मी तुझा धडा नाही. डबा नको.’

बरं.

आधी मी ठरवलं होतं की ह्यावर चांगलं दोन पानी झणझणीत उत्तर द्यायचं. दीड पान लिहिलंसुद्धा. त्यात ‘मी तुला लहानाची मोठी केली’ असं वाक्य आलं. ते वाक्य आलं की पत्र फाडायचं, हे मला माझ्या आईनं न सांगता शिकवलं आहे. फाडलं. तुझं बरोबर आहे. विचारायला हवं होतं. फळा पुसला आहे, पुन्हा लिहिणार नाही.

मुलं मात्र पिच्छा सोडत नाहीत. ‘बाई, उंचावरची ताई कुठे गेली?’ ‘तिच्या क्रेनवर पक्षी बसतात का?’ ‘तिला तिकडे शू लागली तर ती काय करते?’ हा शेवटचा प्रश्न मलाही पडला आहे, पण मी विचारणार नाही. मी सांगितलं, ताई कामात आहे. आता पुस्तकातली नाही नि ताईची नाही, ज्यानं त्यानं आपापल्या घरची चार वाक्यं आणायची. त्यामुळे सगळ्या वर्गाच्या घरचं सगळं मला कळायला लागलंय. कुणाचे वडील घोरतात, कुणाची आजी चोरून साखर खाते. शिक्षकाला पगार कमी असतो, पण बातम्या भरपूर मिळतात.

इकडची हालहवाल अशी, की वरच्या काकू रोज एकदा जिना उतरून येतात, गुडघ्याला हात लावून बसतात, आणि म्हणतात, ‘साक्षीदार मी होते की! नवी चप्पलसुद्धा घेतली आहे.’ मी म्हणते, ‘बघू.’ त्या म्हणतात, ‘बघू काय, मुलगी काही येत नाही तुमची.’ त्यांच्या पोटात वाईट नाही, पण तोंडाला दार नाही. परवा मी चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली. त्यांना वाटलं हात सटकला. मी वाटू दिलं.

चष्मेवाले म्हणतात, ‘बाई, ती येईपर्यंत थांबू. दुकान काही पळून जात नाही, आपणही नाही.’ हो, अजून मला बाईच म्हणतात, सगळी गल्ली म्हणते तसे. लग्नानंतर काय म्हणणार विचारलं, तर ‘विचार करून सांगतो’ म्हणाले. महिना झाला, विचार चालू आहे. मी त्यांना साफ सांगितलं, थांबणार नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला मी सात वर्षं स्टूल घेतेय, आता घरात एक उंच माणूस हवा आहे. ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, ‘पण ती आल्याशिवाय तुम्हाला आनंद होणार आहे का?’ मी म्हटलं, ‘आनंद झालेला आहे मला. ती रागावली म्हणून तो परत थोडाच करणार आहे?’

असं म्हटलं खरं. मग ते गेल्यावर तुझं निळं ब्लँकेट घडी करून कपाटात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. ते स्वच्छ धुतलेलं आहे, एवढं तरी नीट सांगितलं होतं मी त्या फोनवर.

आई

१० जानेवारी

ठकू,

तुझ्याकडून काही नाही. मेसेज नाही, शिव्या नाहीत. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज वर्गात एक झालं ते तुला सांगायलाच हवं. ह्यात तुझं काही नाही, त्यामुळे तुझी परवानगी लागत नाही. जिचं आहे तिला विचारलं, ती म्हणाली, ‘ताईला सांगा, चालेल.’

शंकाबाईनं आज घरून ही वाक्यं आणली: आम्ही घर बदललं. नवीन घराला गॅलरी आहे. शाळा लांब पडते. माझी मैत्रीण तिकडेच राहिली.

मी म्हटलं, जोड आता. तिनं जोडलं, आणि काय सुरेख जोडलं! ‘आम्ही घर बदललं तेव्हापासून शाळा लांब पडते, पण नवीन घराला गॅलरी आहे.’ बटण एकही खर्च केलं नाही. खाली एक ओळ सोडली होती, आणि त्याखाली चौथं वाक्य तसंच्या तसं, एकटं. माझी मैत्रीण तिकडेच राहिली.

मला वाटलं, वेळ पुरला नाही. म्हटलं, ‘हे राहिलं की गं, हेही जोड.’

‘ते नाही जोडायचं, बाई.’

‘का? आणि संपले? हा घे, माझ्याकडचा एक देते.’

तिनं मूठ उघडून दाखवली. दोन्ही बटणं तिच्याकडे होती. म्हणाली, ‘आणि आहेत माझ्याकडे. पण जोडलं की ते कुणाला कळतच नाही. मी घरी आलेल्या सगळ्यांना सांगते, आम्ही घर बदललं नि गॅलरी आहे नि मैत्रीण तिकडे राहिली. सगळे म्हणतात, अरे वा, गॅलरी आहे का! मैत्रिणीचं कुणी विचारत नाही.’

पंचवीस वर्षं शिकवते आहे, ठकू. वाक्यं जोडली की भाषा फुलते, असं मी शिकवत आले, ते खोटंही नाही. पण जोडता येतं म्हणून सगळंच जोडायचं नसतं, हे त्या पोरीनं मूठ उघडून मला दाखवलं. मला तिथल्या तिथे गॅसवाला आठवला. काकूंचा गुडघा आठवला. मी त्या रविवारी इतकी घाबरले होते, ठकू! सकाळपासून तीनदा तालीम केली होती. तू काय म्हणशील, बाबांचं नाव काढशील का, रडशील का, ह्याचीच भीती. म्हणून मी ते गॅसवाल्याच्या आणि ब्लँकेटच्या मध्ये घातलं, गर्दीत उभं केलं, म्हणजे तुला ते फार टोचणार नाही. आणि तू विचारलंस, ‘काय म्हणालीस?’ तेव्हा तरी सांगायचं! तर मी म्हटलं, ब्लँकेट धुतलं.

मी शंकाबाईला विचारलं, ‘मैत्रिणीला काय आवडायचं?’ ती पाऊण तास बोलत होती. मधली सुट्टी गेली, माझा चहा गेला.

आणि हेही सांगून टाकते. शिपायाची सही सुंदर आहे वगैरे मी लिहिलं, ते सगळं उसनं अवसान होतं. माझं अडतं. कार्यालयात मी एकच नाव दिलं आहे. तिथला कारकून दोनदा म्हणाला, ‘बाई, दुसरं नाव?’ मी म्हटलं, ‘कळवते.’ तू आली नाहीस तर एकवीस तारखेला मी तिथे जाऊ शकेन असं मला वाटत नाही. चष्मेवाल्यांना हे अजून बोलले नाही. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकलाय.

ह्या पत्रातही बघ, ते एक वाक्य पुन्हा गर्दीतच राहिलं. उद्या नीट लिहिते.

आई

११ जानेवारी

ठकू,

मी लग्न करते आहे.

आई

६ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र मिळालं. पत्र! कागदावर, पेन्सिलीनं, तेलाच्या डागासकट. पोस्टमननं दार वाजवलं तेव्हा मी नेमकी वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढले होते. तिथेच बसून वाचलं. संपल्यावर उतरायचं कसं ते सुचेना. शेवटी चष्मेवाले दुकान बंद करून आले आणि त्यांनी हात दिला. मी पत्रच त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. दुसऱ्यांचे चष्मे करणाऱ्या माणसाला स्वतःच्या चष्म्यातून दिसेना.

तू लिहिलंस, ‘हे फळ्यावर लिहिलंस तरी चालेल.’ मी तुला तीनतीनदा खात्री करायला फोन केला असता, पण आता तुझ्यावर विश्वास ठेवायचा असं ठरवलंय. आज पहिल्या तासाला लिहिलं. फळा पुरला नाही. दोन्ही फळे भरले, शेवटच्या दोन ओळी दाराच्या मागच्या बाजूला लिहिल्या. मुलांना वळून वळून वाचावं लागलं. तुझ्याजवळ आता ते वाक्य नाही, म्हणून परत उतरवून पाठवते, काय लिहून गेलीस ते बघ:

‘आई, मी वर केबिनमध्ये बसून तुझं एका ओळीचं पत्र वाचलं आणि खालून रेडिओवर उचल, उचल असा ओरडा चालला होता तरी माझा हात हलेना, कारण मला आठवलं की बाबा गेले तेव्हाही तू फोनवर एवढंच म्हणाली होतीस, ठकू, बाबा गेले, आणि ते मला लगेच कळलं होतं, पण तुझं लग्न तू गॅसवाला आणि ब्लँकेट ह्यांच्यामध्ये असं दडवून सांगितलंस की मला वाटलं, आई दुःख माझ्याबरोबर वाटून घेते आणि सुख मात्र माझ्यापासून चोरून ठेवते, म्हणजे मी तिला इतकी दुष्ट वाटते की काय, आणि त्याचा मला राग होता, लग्नाचा नव्हता, कारण ज्यांनी माझा मोडका चष्मा जोडून दिला त्यांच्यावर मी कशाला रागावू, आणि आता मला वीस तारखेपासून चार दिवस रजा मिळाली आहे आणि सही मीच करणार आहे, तेव्हा वरच्या काकूंना सांग की त्यांनी नवी चप्पल घालून नुसतं बघायला यावं, आणि हे फळ्यावर लिहिलंस तरी चालेल.’

वाचून झालं. मला वाटलं, पोरांना हे जड गेलं, घोटाळा झाला माझा. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘बाई, तुमचं लग्न आहे?’

मी म्हटलं, ‘हो. माझं लग्न आहे.’ नुसतं एवढंच म्हटलं. गॅसवाल्याला आत येऊ दिलं नाही.

मग जो गोंधळ झाला! ‘चष्मेवाल्या काकांशी? मग तुम्हाला चष्मा फुकट?’ ‘बाई, सुट्टी देणार का?’ तो ओल्या बुटाचा पोरगा म्हणाला, ‘माझ्या आईला सांगू का?’ मी म्हटलं, सांग बाबा, तुझी आई तरी का मागे राहावी. मोठ्या बाई आवाज ऐकून दारात आल्या. दाराच्या मागच्या बाजूचा मजकूर त्यांच्या तोंडासमोरच आला. त्यांनी तो शेवटापर्यंत वाचला, ‘दार पुसून घ्या’ म्हणाल्या, आणि नाक ओढत गेल्या. मोठ्या बाईंचं नाक मी आजवर कधी वाहताना बघितलं नव्हतं.

आणि मग शंकाबाईचा हात वर. ‘बाई, एक शंका आहे.’

‘बोल.’

‘ताईनं आठ आणि वापरलेत.’

सगळ्या वर्गानं मोजले. खरंच आठ. नियम म्हणजे नियम. चिक्कू पोरगा तर म्हणाला, ‘सहा जास्त झाले, तिला शिक्षा करा.’ मी म्हटलं, आता काय करायचं? ती लांब राहते, तिचा वर्ग नाही, बटणं नाहीत. मग शंकाबाई उठली, टेबलाजवळ आली आणि तिनं आपली दोन्ही बटणं ठेवली. म्हणाली, ‘माझी तिला द्या. मला आज लागणार नाहीत.’ मग ओल्या बुटाचा एक घेऊन आला. मग आणखी दोघी. शेवटी चिक्कूनं खिशात हात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि एक काढून दिलं. त्याच्या खिशातून बटण बाहेर आलेलं ह्या वर्षात मी पहिल्यांदाच बघितलं.

ती सहाही बटणं ह्या पाकिटात चिकटवून पाठवते आहे. हरवू नकोस. त्यात एक मोठं पांढरं आहे, चार भोकांचं, ते तुझ्या बाबांच्या शर्टाचं. तू लहानपणी ते कुणाला हात लावू द्यायची नाहीस. सकाळी वाटताना ते शंकाबाईच्या वाट्याला आलं होतं. येताना सगळी परत घेऊन ये, ती वर्गाची आहेत. आणि आलीस की एक दिवस वर्गावर ये, मुलांना तुला ते पक्ष्यांचं आणि दुसरं ते विचारायचंच आहे.

काल कार्यालयात जाऊन तुझं नाव दिलं. कारकून म्हणाला, ‘मिळालं वाटतं दुसरं नाव?’ मी म्हटलं, ‘पहिल्यापासून हेच होतं.’ काकूंना निरोप दिला. त्या जरा फुगल्या, मग म्हणाल्या, ‘बघायला तर येणारच, चप्पल घेतली आहे.’ चष्मेवाल्यांचा शर्ट शिवून आला, बाह्या आखूड झाल्यात, त्यांनी दुमडून घालायचं ठरवलंय. मला काय म्हणायचं ह्याचा विचार मात्र अजून चालूच आहे.

निळं ब्लँकेट तुझ्या खोलीत पलंगावर घातलं आहे.

वीस तारखेला तुझी गाडी सकाळी येते ना? स्टेशनवर मी आणि चष्मेवाले येतो. ह्यातला ‘आणि’ मी माझ्या वाट्याचा वापरला आहे.

आई